लॉरीचे डरम आणि आग्नेसबाईंची गाडी

माझा वरचा एक पुढचा दात नाही. लग्नात फोटो काढायची वेळ आली की घरातले म्हणतात, बाबा, तोंड मिटून हसा. आता तोंड मिटून हसायचं म्हणजे नाकानं हसायचं की काय? नवीन बसवा म्हणतात. मी बसवत नाही. का बसवत नाही, तेच सांगायला बसलोय.

दिवाळी अंकवाले घरी आले होते. म्हणाले, काका, मोटारीच्या धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, पंचाईत आहे. शाळेत मी दोनदाच गेलो. एकदा नाव घालायला, एकदा नाव काढायला. म्हणून मी बोलतो आणि सून लिहिते. ती मास्तरीण आहे. मी 'पानी' म्हटलं की ती 'पाणी' लिहिते. म्हटलं, तेवढं चालेल, पण माझा मूर्खपणा सुधारू नको. तो आहे तसाच जाऊ दे.

आम्ही वसईच्या पाचूबंदरचे कोळी. आजा, पणजा, बापूस, सगळे दर्यावर. मलाच काय झालं देव जाणे. होडी खाडीबाहेर पडली की मी ओकायला सुरुवात करायचो ते परत वाळूला लागेपर्यंत. बापूस लोकांना सांगायचा, "याला मी मासल्यांना खाद्य म्हनून नेतो." कोळ्याच्या घरात असला पोर म्हणजे सुताराच्या घरात वाळवी. शेवटी एक दिवस त्यानं मला होडीतून उतरवलं आणि म्हणाला, "नाऱ्या, तू जमिनीवरच काय ते कर."

तेव्हा लढाई चालू होती. मी मुंबईला लष्कराच्या मोटारींच्या डेपोत लागलो. काम काय, तर चाकं धुवायची. धुता धुता बघितलं, बघता बघता शिकलो. जे बघितलं नाही ते मला अजूनही येत नाही. लढाई संपली, डेपो उठला, आणि मी माणिकपूरला स्टेशनच्या जवळ चिंचेखाली चार बांबू रोवले, वर झावळ्या टाकल्या आणि मेस्त्री झालो. त्या काळी वसईत मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. म्हणजे गिऱ्हाईकं किती असतील बघा. पण जी होती ती एकेक नमुना.

एक अर्नाळ्याचा मासळीवाला होता. त्याच्या लॉरीचा ब्रेक लागेना. म्हणाला, "नारायन, नवीन ब्रेक आहे, तरी सटकतो." मी चाक उघडलं. बर्फाचं आणि मासळीचं पाणी फळ्यांतून गळून गळून थेट ब्रेकात उतरलेलं. ब्रेक कसला, कालवणच ते. मी घासून पुसून दिला, खाली पत्रा ठोकला. ब्रेक लागायला लागला, पण वास काही गेला नाही. लॉरी कुठं उभी राहिली की गावातली मांजरं चाकाशी येऊन बसायची. तो म्हणायचा, "ही नारायनची गॅरंटी."

तर ब्रेक. ज्यांनी मोटारीचं चाक कधी उघडून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हाच्या गाड्यांना प्रत्येक चाकाच्या आत एक लोखंडी डबा असायचा, बिनझाकणाच्या पातेल्यासारखा. त्याला आम्ही डरम म्हणतो. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत दोन अर्धचंद्र असतात, ते फिरत नाहीत. तुम्ही पायानं पॅडल दाबलं की ते अर्धचंद्र फाकतात, पातेल्याला आतून घासतात आणि चाक थांबतं. एवढंच. यात देवाची काही करणी नाही.

आता आग्नेसबाई.

आग्नेसबाई म्हणजे आमच्या माणिकपूरच्या डॉक्टरीणबाई. मुंबईला शिकल्या, पण तिथं राहिल्या नाहीत. दुमिंगकाका म्हणून मोठे बागायतदार होते, त्यांची ही धाकटी मुलगी. अंगानं काडी, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं थोडं. पण गाडीत बसल्या की अंगात यायचं. गाडी त्यांच्या भावाची. भाऊ मुंबईत मोटारी पळवायच्या नादाचा. विलायती, दोनच माणसांची, कापडी छपराची गाडी घेतली आणि तिच्यात मोठ्या अमेरिकन मोटारीचं इंजिन घातलं. मग आफ्रिकेला नोकरी लागली, गाडी बहिणीला देऊन गेला.

बाईंना ती देवानंच दिली असं वाटलं. अर्नाळा, चंदनसार, मनवेलपाडा, कुठूनही बोलावणं आलं की बाई निघाल्या. आधी बाळंतीण अडली म्हणजे बैलगाडीत घालून आणायची. आमचं पहिलं मूल तसंच गेलं, अर्ध्या रस्त्यात. बैलांचा दोष नाही, ते बैलांसारखेच चालले. बाई आल्यावर ते बदललं. धुरळा दिसला की बायका म्हणायच्या, आली गं, सुटलीस.

पण गाडी पळायची तशी थांबायची नाही. भावानं इंजिन राक्षसाचं घातलं आणि ब्रेक ठेवले मूळचे, पेज प्यायच्या वाडग्याएवढे. एकदा बाई रेल्वेच्या फाटकात घुसल्या. एकदा एका वाडीत शिरून केळी आडव्या केल्या. तिसऱ्यांदा चर्चच्या कुंपणाची भिंत पाडली. दुमिंगकाका चर्चच्या कमिटीत, तेव्हा ती भिंतीला लागली म्हणजे त्यांनाच लागली.

ते भर रस्त्यात म्हणाले, "आग्ने, आता पुरे. फेस्तच्या सणाच्या आत ही गाडी विकतो. दवाखाना बंद. तू मुंबईच्या इस्पितळात नोकरी धर आणि ट्रामनं फीर. मला तुझी मयत काढायची नाही."

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या चिंचेखाली. म्हणाल्या, "नारायण, गाडी पळते, थांबत नाही. काय करायचं?"

मी म्हटलं, "बाई, जरा हळू चालवा."

त्यांनी चष्म्यातून बघितलं. "बाळाला सांगशील, जरा हळू ये म्हणून?"

माझी बायको हिरा तेव्हा परत पोटुशी होती. सातवा चालू होता. मी गाडीखाली शिरलो.

गाडीखाली मला अक्कल सुचली नाही, ती सुचली सायकलवर. सायकल उलटी करा, चाक जोरात फिरवा आणि आसाजवळ अंगठा दाबा. चाक थांबत नाही, अंगठा भाजतो. आता बाहेर, रिमेला धरा. लगेच थांबतं. जेवढं आसापासून लांब धराल तेवढा जोर कमी लागतो. म्हणजे बाईंच्या गाडीला मोठं पातेलं पाहिजे. मोठं पातेलं म्हणजे घासायला जागा जास्त, तापणं कमी, पकड जबरी. मी लंगोटीत ओरडत रस्त्यावर आलो असं लोक सांगतात, ते खोटं आहे. अर्धी चड्डी होती.

मुंबईच्या भंगार बाजारात तेव्हा लष्कराचा माल ढिगानं पडलेला. तिथं मला एका छोट्या लष्करी लॉरीचे डरम मिळाले. भरभक्कम, पुरणपोळीच्या तव्याएवढे. पण मिळाले दोनच. बाकीचे दोन फुटलेले. चाकं पण लॉरीचीच घ्यावी लागली, कारण बाईंच्या चाकात ते तवे मावतच नव्हते.

आता प्रश्न असा, की दोन डरम आणि चार चाकं. पुढं लावायचे की मागं?

इथं माझ्यातला कोळी जागा झाला. मी विचार केला, होडीचं सुकाणू कुठं? मागं. तांडेल कुठं बसतो? मागं. होडी ज्याच्या ताब्यात, तो मागं. म्हणजे वाहनाची अक्कल मागच्या बाजूला असते. लावा मागं!

माणिकपूरला इनासमामा म्हणून लेथवाले होते. भोकं जुळवायचं, छिलायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी एकदा डरमकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मागं लावतोस?"

"मागंच."

"बरं," म्हणाले आणि लेथ चालू केला.

गाडी तयार झाली. मागची चाकं मोठी, पुढची बारकी. गाडी पुढं वाकून दंडवत घातल्यासारखी दिसायला लागली. मी म्हटलं, शकुन चांगला आहे.

दुमिंगकाकांनी परीक्षा ठरवली. माणिकपूरच्या अलीकडे मिठागरांतून जाणारा एक सरळ रस्ता होता. तिथं एक करंजाचं झाड. काकांनी झाडापासून साठ पावलं मोजली आणि रस्त्याच्या मधोमध आपली शिसवी आरामखुर्ची ठेवली. वडिलांच्या वेळची, वेताची, लांब हातांची. म्हणाले, "काटा पन्नासावर पाहिजे. झाडाशी ब्रेक मारायचा. खुर्चीच्या आत थांबली तर गाडी राहील. खुर्ची मोडली तर गाडी गेली आणि नाऱ्याची हाडंसुद्धा गेली."

बाई म्हणाल्या, "नारायण, तू बस बाजूला. तू लावलेस, तू बस."

बसलो. गाडी सुटली. वारा तोंडात शिरला, धोतराचा सोगा उडून मागं गेला. करंज आला, बाईंनी पॅडल दाबलं. मागची दोन्ही चाकं जागच्या जागी आवळली. पकड अशी की काय सांगू! आणि मग गाडीचं बूड पुढं निघालं. म्हणजे बूड पुढं आणि तोंड मागं. मला आधी खुर्ची दिसली, मग माणिकपूर दिसलं, मग परत खुर्ची दिसली, ती अगदी जवळून, मग नुसतं आभाळ. गाडी खुर्चीला प्रदक्षिणा घातल्यासारखी वळून मिठागरात जाऊन बसली. मी खाली, चिखलात, कमरेपर्यंत खारवलेला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच जमिनीवर ओकलो.

बाईंना खरचटलंसुद्धा नव्हतं. चष्मा पुसला, उतरल्या.

दुमिंगकाका खुर्ची तपासून म्हणाले, "खुर्ची वाचली." मग म्हणाले, "मुलगी पण वाचली, ती देवाची दया. गाडी विकायची."

त्याच दुपारी चंदनसारहून माणूस आला. गाडी मिठागरात, म्हणून बाई टांग्यानं गेल्या. बाळंतीण वाचली. पोर वाचलं नाही. सुनेला मी सांगितलंय, बाकी वाटेल ते गाळ, हे गाळू नको. माझ्या सगळ्या फजित्या मी हसून सांगतो. ही सांगता येत नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत मी पाचूबंदरला पळालो. बापूस वाळूत बसून जाळं सांधत होता. वसईतली बातमी आमच्याकडे मासळीच्या पाटीबरोबर येते, त्यामुळं त्याला सगळं कळलेलं.

मान वर न करता म्हणाला, "नाऱ्या, होडी वाळूला लागली की मानसं कुटं पडतात?"

"पुढं."

"तू कुटं पडायचास?"

"मी आधीच पडलेला असायचो, बा."

"बाकीची?"

"पुढं. होडीच्या टोकाला, नाळेवर."

"मंग सगला भार कुटं आला?"

"पुढं."

"आनि तू बेरेक कुटं लावलास?"

 मग हळूच म्हटलं, "सुकाणू मागं असतं म्हणून..."

"सुकानू वळवायला असतं, गाढवा. थांबवायला नाय." सुई जाळ्यातून काढली आणि म्हणाला, "दर्यावर काय शिकला नाहीस ते ठीक. निदान ओकताना डोळं तरी उघडं ठेवायचं."

मी आयुष्यात मोटारीविषयी जे काही शिकलो त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला कधी मोटारीत न बसलेल्या माणसानं शिकवली. गाडी थांबते तेव्हा तिचा सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. मागची हलकी होतात. हलक्या चाकाला तुम्ही राक्षसाचा ब्रेक लावलात की ते आवळतं आणि घसरतं. मोठा ब्रेक पुढं पाहिजे.

पहाटेच माणिकपूरला आलो. चार माणसं लावून गाडी चिखलातून ओढली. इनासमामांकडे परत डरम नेले. मी म्हटलं, "मामा, पुढं लावायचेत."

"मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठं? तू सांगितलंस."

तीन दिवस आम्ही दोघांनी जेवणं सोडून काम केलं. मोठे डरम पुढं, पुढचे जुने मागं. आता गाडीचं नाक वर आलं, नवीन सुनेकडे बघणाऱ्या सासूसारखं. दिवे लावले तर उजेड माडाच्या शेंड्यावर. ते मग पट्टी ठोकून खाली वाकवले.

दुमिंगकाका ऐकेनात. मुंबईहून गाडी बघायला गिऱ्हाईकसुद्धा येऊन बसलेलं. शेवटी बाई म्हणाल्या, "डॅडी, एकदाच. नाही थांबली तर मी स्वतः किल्ली या गिऱ्हाईकाच्या हातात देते आणि मुंबईला जाते. परत गाडीचं नाव काढणार नाही."

 काका नोकराला म्हणाले, "खुर्ची काढ."

रविवार, चर्चमधली मिस्सा सुटलेली, दहाचा सुमार. मिठागराच्या बांधावर ही गर्दी. गेल्या वेळची मजा ज्यांची हुकली होती ते सगळे आलेले. पाचूबंदरची माणसं पण आलेली. खुर्ची साठ पावलांवर ठेवली. बाई आणि मी गाडी घेऊन लांब गेलो, फिरवली. खुर्ची तिथून एवढीशी दिसत होती.

"नारायण, ओकणार नाहीस ना?"

"बाई, सकाळपासून पोटात काही घातलंच नाही."

सुटलो. तीस. चाळीस. इंजिन असं ओरडत होतं की बांधावरचे बगळे उठले. पन्नास. करंज समोर आला आणि मी खुर्चीकडे बघितलं.

खुर्चीत कोणीतरी बसलं होतं.

डोक्याला लाल रुमाल, एक पाय लांब हातावर टाकलेला, तोंडात विडी. माझा बापूस.

मी ओरडलो असेन. काय ओरडलो आठवत नाही. वळवायला जागा नव्हती, दोन्ही बाजूंना मिठागर. बाईंनी तोंडानं 'येशू' म्हटलं आणि दोन्ही पाय पॅडलवर दिले.

गाडीचं नाक खाली गेलं. मागचं बूड उचललं, पण सरळ राहिलं. रबराचा वास, डरमांचा एक जाड घुमणारा आवाज, पुढून कोणीतरी दोन हातांनी धरून ठेवल्यासारखी पकड. गाडी थांबली. गाडी म्हणतोय मी. मी नाही थांबलो. माझं तोंड जाऊन काचेच्या चौकटीवर आदळलं.

मग एकदम शांत. नंतर बांधावर आरडाओरडा.

मी रक्ताळलेलं तोंड धरून खाली उतरलो. बापूस खुर्चीतच. गाडीचं नाक आणि त्याचे पाय यांच्यामध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा. त्यानं विडीची राख झटकली.

मी रडत होतो की शिव्या देत होतो, दोन्ही असेल. "बा, तुला मरायचं होतं का?"

"माजा नातू या गाडीच्या भरवशावर येनार," तो म्हणाला. "मंग मी नको बघू?" आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "ओकलास काय?"

"नाही."

"मंग जमलं तुला."

त्याच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही फारसं ऐकलं नाही.

दुमिंगकाका धापा टाकत आले. माझ्या बापसाला म्हणाले, "माझ्या खुर्चीत तुम्हाला कोणी बसायला सांगितलं?"

बापूस म्हणाला, "गुडघं दुकत व्हते, काका. रस्त्यात खुर्ची दिसली, बसलो."

काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली गाडीची जादा किल्ली सोडवली आणि बाईंच्या हातात दिली. गिऱ्हाईकाला म्हणाले, "चला, जेवून जा." म्हणजे व्यवहार संपला.

बाईंनी तिथंच, गाडीच्या पायरीवर बसवून माझ्या तोंडात, दात पडला होता तिथं, कापूस कोंबला. म्हणाल्या, "नवीन ब्रेकचा पहिला पेशंट."

पुढं बाईंनी त्या गाडीनं किती गावं केली, किती पोरं आणली, मला मोजता येत नाही. मी वर्षातून दोनदा डरम उघडायचो, घासायचो, अर्धचंद्रांवरचे झिजलेले लायनर बदलायचो. दुमिंगकाका पुढं मला बघितलं की विचारायचे, "नाऱ्या, खुर्ची लागते का रे परीक्षेला?" गाडी गेली ती गंजून गेली, ठोकून नाही. बाई म्हाताऱ्या होईपर्यंत माणिकपूरलाच राहिल्या.

त्या रविवारनंतर दोन महिन्यांनी, भर दुपारी, पाचूबंदरच्या वाळूपर्यंत ती नाक वर केलेली गाडी आली आणि हिराच्या दारात, दाराला धक्का न लावता, थांबली. आत जे पोर झालं ते आज लिहिणाऱ्या या सुनेचा नवरा आहे. आत्ता तो मागून म्हणतोय, बाबा, आता तरी दात बसवून घ्या.

नाही बसवत, बाबा. तिथं जीभ लावली की मला कळतं, गाडी थांबली होती.